हिरव्या पाटीची वाट



स्कॉटलंडमध्ये एडिनबर्गच्या दक्षिणेला, पीबल्स या लहानशा गावाजवळ ग्लेनट्रेस नावाचं जंगल आहे. ट्वीड नदीच्या खोऱ्यातल्या डोंगरउतारांवर स्प्रूस, लार्च, फर अशी उंच झाडं आणि त्यांच्यामधून सायकलींसाठी मुद्दाम बनवलेल्या वाटा. आपल्या धर्मग्रामातला एक तरुण नोकरीसाठी तिकडे असतो. सुट्टीच्या दिवशी तो तिथे गेला आणि त्याने काही फोटो पाठवले. झाडं, धुकं, चिखलाने माखलेले बूट असं बरंच काही होतं. मी मात्र एका पाटीच्या फोटोवर थांबले.

ती पाटी वाटेच्या तोंडाशी आहे आणि तिच्यावर चार रंग आहेत. हिरवी वाट नवशिक्यांची आणि लहान मुलांची: रुंद, सपाट, हलक्या चढाची. निळी थोडी अरुंद. लाल वाटेवर मुळं, दगड, तीव्र चढ. काळी सगळ्यांत अवघड. ग्लेनट्रेसची काळी वाट तर तीस किलोमीटरच्या जवळपास आहे. ब्रिटनभर अशा जंगलांत हेच रंग वापरतात.

2023 च्या ऑगस्टमध्ये याच जंगलात माउंटन बाईकची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. जगातले सर्वोत्तम सायकलपटू या डोंगरावर घाम गाळून गेले आणि त्याच डोंगरावर सहा-सात वर्षांचं पोरही आईच्या मागे सायकल चालवतं. नवशिक्यांना गावातल्या बागेत पाठवलेलं नाही. तेच जंगल, तीच हवा, तोच झाडांचा वास त्यांच्याही वाट्याला आहे.

या वाटा कशा बनवतात ते मी थोडं वाचलं. त्यातल्या तीन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट पाण्याची. वाटेचा खरा शत्रू चाक नसून पाणी आहे. सरळ उतारावरून खाली काढलेली वाट बनवायला सोपी, पण पाणी तिच्यातूनच धावतं आणि थोड्याच दिवसांत तिची घळ होते. आपल्याकडे खानापूरच्या रानात पावसाळा संपला की हे डोळ्यांनी दिसतं. म्हणून जाणकार लोक वाट डोंगराच्या कुशीतून आडवी नेतात. डोंगराला जेवढा उतार असेल त्याच्या निम्म्याहून जास्त उतार वाटेला देऊ नये, आणि एकूण सरासरी चढ दहा मीटरला एक मीटरच्या आसपास ठेवावा, असा त्यांचा ठोकताळा आहे. वाट लांबते, पण टिकते.

दुसरी गोष्ट उंचवट्यांची. काही वाटांवर मातीचे सपाट माथ्याचे उंचवटे असतात. त्यांना टेबलटॉप म्हणतात. तरबेज सायकलस्वार त्यावरून उडी मारून पलीकडच्या उतारावर उतरतो. शिकाऊ माणूस त्याच उंचवट्यावरून चाक जमिनीला टेकवूनच सावकाश पार होतो. उंचवटा एकच, आणि दोघेही पलीकडे पोहोचतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटली. अवघड वाटेवर मुळं आणि दगड जागच्या जागी राहिले तरी चालतं; तीच तर तिची गंमत. सोप्या वाटेवर मात्र एकेक दगड उचलावा लागतो, एकेक खळगा भरावा लागतो, चढ कमी करण्यासाठी वाट लांबून फिरवावी लागते. चालवणाऱ्याला जी वाट सोपी वाटते तिच्यामागे बनवणाऱ्याचे कष्ट असतात.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आपला रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग होता.

यंदा वर्गात एक मुलगा आहे. वय अकरा. बोलणं उशिरा आलं, अजून वाचता येत नाही. त्याच्या बरोबरीच्या मुलांनी दोन वर्षांपूर्वीच प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारलं. त्याची आई मिस्सानंतर दारापाशी थांबते. एके दिवशी तिने विचारलं, "टीचर, यंदा तरी होईल का हो?"

या प्रश्नावर धर्मग्रामात दोन उत्तरं ऐकू येतात. एक असं: "त्याला श्रद्धांगीकार म्हणता येत नाही, दहा आज्ञा पाठ नाहीत. मग कसं द्यायचं?" दुसरं असं: "देऊन टाका ना, त्याला बिचाऱ्याला काय कळतंय!" दोन्ही उत्तरं चांगल्या मनाने दिलेली आहेत. पण पहिल्याने त्याला डोंगराच्या पायथ्याशीच थांबवलं आणि दुसऱ्याने त्याला गाठोड्यासारखं उचलून माथ्यावर नेऊन ठेवलं. त्याच्या पायांखाली वाट कुणीच घातली नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण या दोन्हींहून वेगळी आहे. 1910 साली पोप दहावे पायस यांनी 'क्वाम सिंगुलारी' हा आदेश काढला. त्याआधी अनेक ठिकाणी मुलांना दहा, बारा, कधी चौदा वर्षांपर्यंत थांबवून ठेवत असत. पोपमहाशयांनी सांगितलं की परिपूर्ण ज्ञानाची अट घालू नये; साधी भाकर आणि ख्रिस्तशरीर यांतला फरक मुलाला कळावा आणि त्याच्या वयाला साजेशी भक्ती असावी. आजचा धर्मसभेचा कायदाही मुलाने आपल्या कुवतीप्रमाणे ख्रिस्ताचं रहस्य जाणावं असं म्हणतो, आणि त्याची काळजीपूर्वक तयारी करून घ्यायला सांगतो. कुवत मुलाची, तयारी आपली.

पवित्र शास्त्रातला याकोब आठवा. वीस वर्षांनी एसाव भेटला, गळ्यात गळा घालून दोघे भाऊ रडले. एसावाबरोबर चारशे माणसं होती. तो म्हणाला, चला, बरोबरच निघू. तेव्हा याकोबाने नम्रपणे सांगितलं की मुलं कोवळी आहेत, पाजणाऱ्या मेंढ्या आणि गाई सोबत आहेत. एक दिवस जरी दामटलं तरी कळप मरून जाईल. आपण पुढे व्हा, मी जनावरांच्या आणि मुलांच्या चालीने हळूहळू येतो (उत्पत्ती 33:13-14). रात्रभर देवदूताशी झुंजलेला हा माणूस मुलांच्या पावलाने चालायला लाजला नाही. आणि यशया संदेष्टा लोकांसाठी राजमार्ग बांधायला सांगतो, तेव्हा त्यावरचे दगड वेचून काढायलाही सांगतो (यशया 62:10). दगड काढायचं काम चालणाऱ्यावर सोपवलेलं नाही.

त्या मुलाबरोबर आमचं काय चाललं आहे ते सांगते. पाठांतर बाजूला ठेवलं. दर रविवारी मिस्सानंतर रिकाम्या मंदिरात अर्धा तास. वेदी कुठे, दिवा कुठे, गुडघे कुठे टेकायचे. घरी आई भाकरीचा डबा दाखवून विचारते, हे काय? तो सांगतो, "जेवण." मंदिरात लाल दिव्याजवळच्या पवित्र पेटीकडे बोट दाखवून मी विचारते, तिथे कोण? बरेच आठवडे उत्तर आलं नाही. मग एका रविवारी त्याने आवाज खाली आणला आणि म्हणाला, "येशू." मी शिकवलं नव्हतं, तरी तो आवाज त्याने खाली आणला.

निर्णय माझा नाही. फादर म्हणाले आहेत, तयारी चालू ठेवा, ईस्टरनंतर मी स्वतः त्याच्याशी बोलेन. ती वेळ अजून यायची आहे. यंदा नाही झालं तर वाट आणखी थोडी लांबवू; आडवी नेऊ, पण बंद करणार नाही.

आणि खरं सांगायचं तर ही वाट एकट्या त्याची नाही. आपली हुशार मुलंही मे महिन्यात चाळीस उत्तरं घडाघडा म्हणतात आणि आगमनकाळापर्यंत त्यातली चारही उरत नाहीत. सरळ उतारावरची वाट ती. पहिल्याच पावसात वाहून जाते. मिस्सा तर सगळ्यांना एकच. ईशज्ञान शिकलेला माणूस उंच झेप घेतो, जपमाळ हातात धरलेली आजी सावकाश पार होते, आणि दोघं एकाच रांगेत उभे राहून एकाच प्रभूला स्वीकारतात.

ग्लेनट्रेसच्या वाटा नीट ठेवण्यासाठी काही लोकांनी आपला मोकळा वेळ विनामोबदला दिला. त्यांनी स्वतःला गमतीने नाव घेतलं 'ट्रेलफेअरीज', म्हणजे वाटेवरच्या पऱ्या. त्यांच्या हातात असतं ते फावडं आणि कुदळ. आपल्या धर्मग्रामालाही अशी माणसं हवी आहेत. रविवारी अर्धा तास एका मुलाशेजारी बसणारी दोन माणसं मिळाली तरी पुढच्या वर्षी आणखी दोन मुलांना घेता येईल. त्यासाठी पदवी नको. मुलाच्या चालीने चालण्याची तयारी हवी. ज्यांना जमेल त्यांनी मिस्सानंतर मला भेटावं.

प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, तूच वाट आहेस. जे पुढे गेले त्यांना मागे वळून पाहायला शिकव. जे मागे राहिले त्यांच्या पायांखालचे दगड उचलायला आम्हांला वाकायला शिकव. आमच्या धर्मग्रामातलं एकही लेकरू डोंगराच्या पायथ्याशी उभं राहू नये. आमेन.