एडवर्ड लिअर : पोपटांपासून पर्वतांपर्यंत

वडिलांच्या व्यवसायाला ओहोटी लागली की घरातील धाकट्यांचे बालपण सर्वांत आधी आटोपते. १८१२ साली लंडनच्या हॉलोवे भागात जन्मलेल्या एडवर्ड लिअर यांच्या वाट्याला हेच आले. ते एकवीस भावंडांपैकी विसावे. वडील शेअर दलाल होते. बाजारात मोठी खोट बसली आणि चार-पाच वर्षांच्या या मुलाचा सांभाळ एकवीस वर्षांनी मोठ्या असलेल्या ॲन या बहिणीकडे आला. तिनेच त्यांना फुले, पाने, पक्षी काढावयास शिकविले. त्यातच बालपणापासून अपस्माराचा विकार जडलेला. तरीही पंधराव्या वर्षाच्या सुमारास लिअर चित्रे काढून पोट भरू लागले.

अठराव्या वर्षी त्यांनी मोठे धाडस केले. केवळ पोपटांचा एक भव्य चित्रग्रंथ स्वखर्चाने, वर्गणीदारांच्या बळावर काढावयाचे ठरविले. त्या काळी पक्ष्यांची चित्रे बहुधा मारून पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून काढली जात. लिअर मात्र लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत पक्ष्यांसमोर बसत. पिंजऱ्याचा रखवालदार पक्षी धरी आणि ते पंख, चोच, शेपटी यांची मापे घेत. म्हणूनच त्यांच्या पोपटांच्या डोळ्यांत प्राण दिसतो. प्रत्येकाचा स्वभाव निराळा जाणवतो.

चित्र शिळेवर काढावयाचे, त्याचे छाप घ्यावयाचे आणि मग ते हाताने रंगवून घ्यावयाचे, असे ते काम होते. प्रती केवळ १७५. शिळा महाग असल्याने तेवढे छाप निघताच चित्र पुसून त्याच शिळेवर पुढचे काढले जाई. छापणारे व रंगविणारे यांचे पैसे वेळच्या वेळी द्यावे लागत. वर्गणी मात्र सावकाश येई. योजिलेल्या चौदा भागांपैकी बारा निघाले आणि ४२ चित्रांवर १८३२ मध्ये काम थांबले. हिशेबाने पाहता हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरला. परंतु या ग्रंथाने तरुण चित्रकाराची पत निर्माण केली. डर्बीच्या सरदार घराण्याने नोस्ली येथील आपल्या खासगी प्राणिसंग्रहाची चित्रे काढण्यासाठी त्यांना बोलाविले. तेथील बालगोपाळांसाठी रचलेली गमतीदार पद्ये पुढे १८४६ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि जगभर गाजली.

बारीक कामाने डोळे शिणले, इंग्लंडची थंडी छातीला सोसेना. १८३७ मध्ये लिअर रोमला गेले आणि निसर्गचित्रकार झाले. इटली, ग्रीस, अल्बानिया, इजिप्त, पॅलेस्टाईन असा प्रवास घडला. १८४६ मध्ये व्हिक्टोरिया राणीला त्यांनी चित्रकलेचे धडे दिले. तरीही आपले शिक्षण अपुरे आहे असे वाटल्याने १८५० मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ते रॉयल अकादमीत कोवळ्या मुलांसोबत विद्यार्थी म्हणून बसले. राणीच्या शिक्षकाला पुन्हा शिष्य होण्यात कमीपणा वाटला नाही, हे विशेष होय.

त्यांची कामाची रीत व्यापारी घराला ओळखीची वाटेल. जागेवर पेन्सिलीने रेखाटन करावयाचे. त्यावर स्थळ, तारीख, पुष्कळदा वेळही घालावयाची. कोठे कोणता रंग हे शब्दांत टिपून ठेवावयाचे. आणि मुक्कामी परतल्यावर शाई व रंग भरावयाचे. जणू दिवसा रोजकीर्द आणि सवडीने खतावणी!

१८७३ च्या नोव्हेंबरात, व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या निमंत्रणावरून, एकसष्ट वर्षांचे लिअर मुंबईस उतरले. प्रकृती साथ देत नसतानाही त्यांनी वर्षभर देश पालथा घातला. दार्जिलिंगहून कांचनजंगा पाहिले, पावसाळ्यात पुणे पाहिले आणि असंख्य रेखाटने केली. कांचनजंगाची मोठी तैलचित्रे त्यांतूनच पुढे साकारली.

उत्तरायुष्यात त्यांच्या चित्रांना पूर्वीसारखी मागणी राहिली नाही. हात मात्र थांबला नाही. १८८८ च्या जानेवारीत इटलीतील सान रेमो येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पोपटग्रंथातील एका निळ्या मकॉला १८५६ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. हा पक्षी रानात नेमका कोठे राहतो, हे शास्त्रज्ञांना जवळपास सव्वाशे वर्षे उमगले नव्हते. १९७८ च्या अखेरीस तो ईशान्य ब्राझीलमधील कड्यांवर आढळला. वडिलांचा व्यवसाय बाजारात बुडाला. मुलाच्या तोट्यातल्या उद्योगाचे नाव मात्र आजही पंख पसरून उडते आहे. नफा-तोट्याची काही खाती एका पिढीत मिटत नाहीत, हेच खरे.