बुटकी तार, लांब लहर

तीनशेला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. हॅम रेडिओच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला हा हिशेब तोंडपाठ असतो. तोच ८.२७ किलोहर्ट्झसाठी मांडला तर लहर छत्तीस किलोमीटरची निघते. उभी अँटेना पाव लहरीएवढी असावी, हा पुस्तकातला पहिला धडा. म्हणजे तार हवी नऊ किलोमीटर उंच. एव्हरेस्टसुद्धा त्याहून बुटका.

तरीही या लहरींवर माणसं बोलतात, आणि तीही दिवसा नोकरी करणारी, घरामागे जेमतेम थोडी जागा असलेली माणसं. जर्मनीतल्या हौशींनी २०१० च्या सुमारास पतंगाला तार बांधून ती शंभर मीटर वर नेली आणि ९ किलोहर्ट्झच्या खाली संकेत सोडले. आंतरराष्ट्रीय वाटप तेव्हा ९ पासून सुरू होत असे, त्याखालचा भाग कुणालाच नेमून दिलेला नव्हता. पुढे ते ८.३ पासून सुरू होऊ लागलं, तशी ही मंडळी आणखी खाली सरकली. शंभर मीटर तार हवेत तोलून धरणं हे केवढं काम! वारा पडला की तार खाली, आणि वारा असला तर तारेवर स्थिर वीज साठत जाते, तिला जमिनीत उतरायला वाट करून द्यावी लागते. एवढं करूनही तार लहरीच्या मानाने नगण्यच. माझं मन या विषयावर जडलं ते याच विषम प्रमाणामुळे.

ऐकण्यासाठी मात्र वीतभर धातूची पट्टी आणि तिच्यामागे एक चांगला अॅम्प्लिफायर एवढं पुरतं. पृथ्वीवर कुठे ना कुठे सतत विजा कडाडत असतात आणि त्यांचा गोंगाट या लहरींवर इतका दाट असतो, की अँटेना मोठी केली तर संकेताबरोबर गोंगाटही तेवढाच वाढतो. रिसीव्हरचीही गरज नाही. संगणकाचं साधं साऊंड कार्ड वीस-बावीस किलोहर्ट्झपर्यंत सगळं टिपतं. तिरुनेलवेलीजवळच्या आयएनएस कट्टबोम्मन तळावरून नौदल पाणबुड्यांसाठी १८.२ किलोहर्ट्झवर जे प्रक्षेपण करतं, त्याची सरळ रेघ संगणकाच्या पडद्यावर उमटलेली मी बघितली आहे. समुद्राच्या पाण्यात काही मीटर खोल शिरणारी ती लहर माझ्या वीतभर पट्टीवरही येऊन पोचते, याचं अप्रूप मला अजून आहे.

शहरात हे ऐकणं कठीण. विजेच्या तारांची घरघर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर सगळं एकदम बोलत असतं. गावाकडे भारनियमनाची रात्र असली की पंचक्रोशी एकाएकी गप्प होते, आणि मग वळवाच्या दिवसांतल्या दूरच्या विजा ऐकू येतात. दिवसा नुसती कडकड. रात्री त्या कडकडीला एक शेपूट फुटतं, पाखराने टिवटिवावं तसं. जमीन आणि आयनांबर यांच्या पोकळीतून वीज हजारो किलोमीटर आली की साधारण १.७ किलोहर्ट्झपाशी तिचा स्वर ओढला जातो. त्या आकड्यावरून आयनांबराची उंची काढता येते, सुमारे ८८ किलोमीटर. कानाला हेडफोन लावून आकाशाचं छत मोजता येतं, याहून मोठी मेजवानी मला तरी ठाऊक नाही.

बोलायचं ठरवलं की हिशेब उलटतो. जगभरच्या हौशींना २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झचा पट्टा मिळाला. त्याला २२०० मीटरचा पट्टा म्हणतात, तिथे पाव लहर साडेपाचशे मीटरची. अंगणात उभी राहते दहा-बारा मीटरची तार, वर आडव्या पसरलेल्या काही तारा. अशा अँटेनाचा प्रारण-रोध, म्हणजे शक्ती खरोखर आकाशात नेणारा भाग, ०.०४ ओहमच्या आसपास. जमिनीचा रोध मात्र पन्नास-साठ ओहम, कधी त्याहून जास्त. कच्च्या पाटाने पाणी सोडलं की टोकाच्या वाफ्याला पोचायच्या आत मातीच ते पिऊन टाकते, तसं शंभर वॉटमधलं बहुतेक सगळं जमीन पिते. आकाशात जातात साठ-सत्तर मिलिवॉट. या पट्ट्यावर एक वॉटची मर्यादा आहे; पण ती गाठणंच इतकं अवघड, की पुष्कळांना तिचा अडसर कधी जाणवतच नाही.

शिवाय एवढी बुटकी तार म्हणजे विजेच्या दृष्टीने नुसता एक छोटासा कॅपॅसिटर. तो जुळवायला चार-पाच मिलीहेन्रीची कॉइल लागते. लोक ती प्लास्टिकच्या बादल्यांवर, पिंपांवर गुंडाळतात. शंभर वॉट म्हणजे जुन्या बल्बाएवढी शक्ती, पण तारेच्या टोकाशी तिचे पाच हजार व्होल्ट होतात. पाऊस आला, झाडाला पालवी फुटली, दोर भिजला, की जुळणी सरकते आणि पुन्हा कॉइलपाशी जावं लागतं. आणि हे २२०० मीटरचं झालं. ८.२७ किलोहर्ट्झवर तसल्याच तारेला एक हेन्रीहून मोठी कॉइल हवी.

स्वीडनमध्ये ग्रिमेटोन इथे १९२० च्या दशकात उभारलेलं प्रक्षेपण केंद्र अजून जागेवर आहे. २००४ पासून ते जागतिक वारसा आहे. अभियंते अलेक्झांडरसन यांच्या फिरत्या यंत्रातून तिथे १७.२ किलोहर्ट्झची लहर निघते आणि वर्षातून ठरावीक दिवशी आजही जगभर ऐकली जाते. १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे आहेत. मी एकदा त्यांचं लहरीशी प्रमाण काढून बघितलं. साडेसतरा किलोमीटरच्या लहरीपुढे १२७ मीटर म्हणजे २२०० मीटरच्या पट्ट्यावर सोळा मीटर. चार-पाच मजली इमारतीच्या गच्चीएवढी उंची! अलेक्झांडरसन यांच्या हातातही, प्रमाणात पाहिलं तर, हौशी माणसाचीच तार होती. त्यांनी उंचीचा नाद सोडून जमिनीकडे लक्ष दिलं. सहा ठिकाणी तार खाली उतरवली, प्रत्येक ठिकाणी वेगळी कॉइल, वेगळं अर्थिंग. प्रवाह सहा वाटांनी जमिनीत गेला आणि मातीचा घास लहान झाला. गच्ची आणि अंगण असलेल्या कुणालाही ही युक्ती आजही वापरता येते.

या लांब लहरी मुळात सरकारांच्या आणि बड्या कंपन्यांच्या. अमेरिकेने १९१२ च्या कायद्याने हौशींना २०० मीटरच्या खालच्या, तेव्हा कुचकामी समजल्या गेलेल्या लहरींवर ढकललं. १९२३ मध्ये हौशींनीच त्या आखूड लहरींवरून अटलांटिकपार दुतर्फा संभाषण केलं. १९२७ मध्ये पुण्याजवळ खडकीला प्रक्षेपण आणि दौंडला ग्रहण असं मार्कोनी पद्धतीचं बीम केंद्र सुरू झालं, आणि आखूड लहरींवरून इंग्लंडशी तारायंत्राचा व्यवहार होऊ लागला. लांब लहरींचे अवाढव्य मनोरे बघता बघता जुने झाले. ज्यांना तिथून हुसकलं होतं त्यांचेच वारस आता तिथे परत आले आहेत. त्यांच्या हाती मनोरे नाहीत, पण सबुरी आहे. मॉर्सचा एक ठिपका साठ सेकंद लांबवायचा. एक छोटा संदेश अर्धा तास पाठवत राहायचा, गोंगाटाखालून संगणकाने तो उपसून काढेपर्यंत.

तारेला उंचीच मिळत नसेल तर आणखी एक वाट आहे. दूर अंतरावर दोन ठिकाणी जमिनीत सळया ठोकायच्या आणि मधे तार टाकायची. प्रवाह तारेतून जातो आणि जमिनीखालून परततो. खडक जितका दुर्वाहक, तितका प्रवाह खोल उतरतो आणि वेटोळं मोठं होतं. अमेरिकी नौदलाने विस्कॉन्सिन आणि मिशिगनमधला प्राचीन खडक याच कारणाने निवडला आणि २००४ पर्यंत तिथून ७६ हर्ट्झवर पाणबुड्यांना संदेश धाडले. आपल्या पायाखाली तर दख्खनचा बसाल्ट आहे. विहिरीची जागा बघायला येणारा भूजलवाला चार सळया ठोकून जमिनीचा रोध मोजतो, आणि मला हवा असलेला आकडाही तोच. काळ्या ओलसर मातीत उभी तार चांगली चालेल. पण आकडा बघून मान हलवत तो ‘इथं पाणी लागायचं नाही’ म्हणतो, असा कोरडा, कातळाचा माळ मी शोधतो आहे. पाचशे मीटर तार आणि दोन पहारी तयार आहेत. आधी त्यांवर नुसतं ऐकायचं, तिरुनेलवेलीची रेघ केवढी उमटते ते बघायचं, आणि मग वीतभर पट्टीशी तिची तुलना करायची.