शिलाई मशिनं आणि आम्ही

मंडळी, गेल्या दिवाळीच्या बैठकीत आम्ही एक ठराव मांडला होता, आठवतो ना? सांगलीच्या वेश्यावस्तीतल्या बायकांना वर्गणी काढून दहा शिलाई मशिनं पाठवायची. टाळ्याही पडल्या. फक्त आमची सौ. म्हणाली, "पाठवण्याआधी त्यांना विचारलंत का?"

म्हणून यंदाच्या भारतवारीत आम्ही विचारायला गेलो. १९९८ साली वालचंदला शिकताना आम्ही पोरं गोकुळनगरचं नाव निघालं की माना खाली घालायचो. आता पंचवीस वर्षांनी तिथे चहा प्यायलो. एक मावशी हसून म्हणाल्या, "मशिनं लई येत्यात सायेब. आमाला इचारून एक न्हाई आलं."

आम्ही माना खाली घालत होतो, तेव्हा या बायकांची संघटना उभी राहिलेली होती! १९९२ पासून 'संग्राम' ही संस्था सांगलीत एड्स रोखण्याचं काम करत होती. निरोध वाटायचे ते याच बायकांनी. त्यातूनच १९९६ मध्ये त्यांची स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद झाली. पोलीस, गुंड, दवाखान्यातली हिडीसफिडीस, या सगळ्यांशी एकेकटीने झगडण्याऐवजी सगळ्यांनी मिळून उभं राहायचं. मागणी एकच: आमच्याकडे काम करणाऱ्या बाया म्हणून बघा.

यात आपल्या अमेरिकेचाही संबंध आहे. २००३ च्या कायद्याने इथल्या सरकारने एड्सच्या मदतीला अट घातली, की संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध जाहीर करावा. 'संग्राम'ने २००५ मध्ये पैसे सोडले, पण अट मानली नाही. त्या सुमारास आम्ही एम.एस. करून नोकरीला लागलो होतो आणि व्हिसाच्या कागदांवर दाखवतील तिथे सह्या करत होतो!

२०२२ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं, की या बायकांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, पोलिसांनी त्यांना छळू नये.

फसवून, विकून आणलेल्या मुलींचं काय, हा प्रश्न तुम्ही विचाराल. आम्हीही विचारला. "तसल्या पोरीला पयलं आमीच वळखतो," मावशी म्हणाल्या. सगळंच पटलं असं नाही. पण वापरणाऱ्याला न विचारता यंत्र बनवणारा इंजिनिअर ऑफिसात चालत नाही, मग मंडळात का चालावा?

तेव्हा ठराव आम्ही मागे घेत आहोत. वर्गणीचं काय करायचं, ते त्यांना विचारून पुढच्या बैठकीत ठरवू.