दोघांची लंका : भाग १, नेगोंबो ते एला

शनिवार, नेगोंबो

नकाशावर श्रीलंका लहान दिसते आणि बहुतेकांचे बेत तिथेच बिघडतात. उत्तर-दक्षिण टोकांमध्ये साडेचारशे किलोमीटरही अंतर नाही, म्हणजे आपल्याकडचा एका रात्रीच्या बसचा प्रवास. मग वाटतं, आठवड्याभरात सगळं पाहून होईल. पण देशाच्या पोटात डोंगर आहे, रस्ते अरुंद आणि वळणावळणांचे आहेत, आणि घाटात गाडीला घाई करून चालत नाही. लग्न ठरल्यावर आम्ही चौकशी केली तेव्हा हाती आलेले तयार कार्यक्रम सगळे एकाच साच्यातले होते. रोज नवं गाव, रोज नवं हॉटेल, सकाळी साडेसातला बॅगा लॉबीत. हळद, साखरपुडा, लग्न, पूजा, गोंधळ एवढं सगळं पार पडल्यावर ज्यांना एकमेकांशी नीट बोलायलाही वेळ मिळालेला नाही, त्यांना ही धावपळ कशासाठी?

म्हणून बेत आम्हीच आखला. दोनच अटी ठेवल्या. एका मुक्कामी किमान दोन रात्री राहायचं आणि एका दिवसात चार तासांहून जास्त गाडीत बसायचं नाही. विमानतळाजवळचा आजचा मुक्काम तेवढा अपवाद. या अटींत न बसणारं ठिकाण कितीही नावाजलेलं असो, त्यावर काट. अनुराधपुर गेलं, जाफना गेलं. पोलोन्नरुव खोडताना नवरा बराच वेळ पेन्सिल हातात धरून बसला, कारण गल विहारातले खडकात कोरलेले बुद्ध त्याला पाहायचे होते. मी म्हटलं, त्यासाठी पुन्हा येऊ. तेव्हा कुठे काट बसली.

कुठून कुठे जायचं, हे पावसाने ठरवलं. इथे दोन मोसमी पाऊस आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर पडतो, तेव्हा पूर्वेचा किनारा कोरडा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचे वारे पूर्वेला आणि उत्तरेला भिजवतात, तेव्हा दक्षिणेला ऊन. आम्ही फेब्रुवारीत आलोय, म्हणून आधी मधला कोरडा भाग, मग डोंगर आणि शेवटी दक्षिणेचा समुद्र. मे महिन्याच्या मुहूर्तावर लग्न असतं तर समुद्रासाठी आम्ही त्रिंकोमालीचा किनारा धरला असता.

कोलंबोचं विमान उतरतं ते कटुनायकेला, शहराच्या उत्तरेला. नेगोंबो तिथून अगदी जवळ, कोळ्यांचं गाव. रात्री समुद्राचा नुसता आवाज ऐकला आणि झोपलो.

रविवार, सिगिरिया

नेगोंबोहून चार तास. नारळ संपले, मग भातखाचरं, मग तळी. इथली तळी पाहण्यासारखी आहेत. कोरड्या भागातल्या या संस्कृतीचा सगळा संसार साठवलेल्या पाण्यावर उभा होता. दीड हजार वर्षांपूर्वी धातुसेन राजाने बांधलेला कलावेव हा तलाव आजही शेतीला पाणी देतो.

उतरलो ते एका घरगुती खानावळीवजा मुक्कामात. मालकीणबाईंनी दुपारी कोवळ्या फणसाची रस्साभाजी, डाळ, ओल्या खोबऱ्याचा लाल तिखट सांबोल आणि भात वाढला. सोबत कवठाचं सरबत, गुळाच्या पाकाचं. कवठाची चटणी खाऊन वाढलेल्या मला तो पेला खाली ठेवावासा वाटेना. संध्याकाळी कुठेही गेलो नाही. बेतात तशी जागाच ठेवली होती.

सोमवार, सिगिरिया

पहाटे निघालो, कारण नऊनंतर खडक तापतो. सपाट रानातून जवळजवळ दोनशे मीटर उंच उठलेला एकच प्रचंड दगड, आणि त्याच्या माथ्यावर राजवाडा. धातुसेनाला मारून गादीवर बसलेल्या काश्यपाने पाचव्या शतकात तो बांधला. भारतात पळून गेलेला सावत्र भाऊ मोग्गल्लान एक दिवस सैन्य घेऊन येणार, ही धास्ती त्याच्या मनात होती. भाऊ आला, आणि सन ४९५मध्ये काश्यपाचं राज्य संपलं.

अर्ध्या वाटेवर लोखंडी गोल जिना चढून चित्रांपाशी जायचं. माझा हिरवा चुडा त्या कठड्यावर सारखा वाजत होता, पुढचे लोक मागे वळून बघत होते. वर, पावसापासून वाचलेल्या कपारीत त्या स्त्रिया आहेत: ढगांतून कमरेपर्यंत वर आलेल्या, हातांत फुलं, गळ्यात दागिने. अजिंठ्यातली वाकाटकांच्या काळातली चित्रंही याच शतकातली. अजिंठा पाहिलेल्या माणसाला या बोटांची वळणं ओळखीची वाटतात. रंग मात्र वेगळे, इथे पिवळा आणि तांबूस यांचंच राज्य. फोटो काढायला बंदी आहे, आणि ते फार बरं आहे. माणसं खरंच बघतात.

चित्रांखालची भिंत त्याहून मनात राहिली. एके काळी ही भिंत आरशासारखी चकचकीत होती. राजवाडा ओस पडल्यावर शेकडो वर्षं येणाऱ्या प्रवाशांनी तिच्यावर त्या स्त्रियांना उद्देशून कविता कोरल्या. सेनरत परणवितान यांनी त्यातल्या ६८५ वाचून १९५६ साली प्रसिद्ध केल्या. लिहिणाऱ्यांत स्त्रियाही आहेत. स्मारकावर नाव खरवडणं आज गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा. पण हे बाराशे वर्षांपूर्वीचे प्रवासी मला फार जवळचे वाटले.

एक कामाची गोष्ट: सार्क देशांच्या नागरिकांना इथल्या तिकिटात सवलत मिळते. खिडकीवर पासपोर्ट दाखवावा लागतो, तो जवळ ठेवा.

मंगळवार, कँडी

वाटेत दांबुल्ल्याची लेणी पाहिली. पाच गुहा, छताच्या खडबडीत दगडावर कापड ताणावं तशी चित्रं. मातलेजवळचे मसाल्याचे बगीचे आम्ही टाळले. तिथे खरेदीचा आग्रह फार होतो असं ऐकलं होतं आणि वेलची-मिरी आपल्या घरी आहेच. दुपारी कँडीच्या तळ्याकाठी.

बुधवार, कँडी

आज पौर्णिमा. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, तिला पोया म्हणतात. दारूविक्री बंद, देवळं भरलेली, आणि सुट्टीमुळे गाड्यांना गर्दी. म्हणून इथला बेत करताना घरातल्या कालनिर्णयात पौर्णिमा बघून घ्यावी. आम्ही ती बघून मुद्दाम कँडीत ठेवली.

संध्याकाळी साडेसहाच्या पूजेला दंतधातूच्या मंदिरात गेलो. १९९८मध्ये इथे बॉम्बस्फोट झाला होता, त्यामुळे दारावर झडती कसून होते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. आत पांढऱ्या कपड्यांतली माणसं, प्रत्येकाच्या ओंजळीत कमळं. खाली ढोल सुरू झाले की त्यांचा दणका लाकडी जमिनीतून तळपायांना जाणवतो. वर रांग हळूहळू सरकते, एका छोट्या दारासमोर क्षणभर थांबायला मिळतं, आत सोन्याचा करंडक दिसतो. बुद्धाचा दात त्याच्या आत. तो कुणाला दिसत नाही.

हा दात लंकेत कसा आला, त्याची कथा मला आज फार भावली. चौथ्या शतकात कलिंगावर शत्रू चालून आला तेव्हा राजाने तो आपल्या मुलीच्या, हेममालेच्या हाती दिला. तिने तो अंबाड्यात लपवला आणि नवरा दंतकुमार याच्याबरोबर वेषांतर करून समुद्र ओलांडला. पुढे ज्याच्याकडे दात त्याचं राज्य, असं मानलं जाऊ लागलं, आणि ते १८१५मध्ये इंग्रजांनी कँडी घेईपर्यंत चाललं. एवढ्या मोठ्या परंपरेच्या मुळाशी घाबरत, जपत प्रवास करणारं एक तरुण जोडपं आहे. शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी त्यांच्या परडीतली दोन कमळं आम्हा दोघांच्या हातात ठेवली, माझ्या बांगड्यांवरून हात फिरवला आणि पुढे गेल्या.

गुरुवार, नुवर एलिया

कँडी ते एला ही रेल्वे जगभर प्रसिद्ध आहे. बहुतेक लोक ती एका दमात करतात, सहा-सात तास. आम्ही मध्ये नानुओयाला उतरलो, आणि तसंच करा असं मी सगळ्यांना सांगेन. चार तासांनंतर डोळे थकतात, उरलेली चित्रं नुसती निघून जातात. राखीव जागांची विक्री साधारण महिनाभर आधी सुरू होते आणि पटापट संपते, तेव्हा तारीख लिहून ठेवा.

निळी गाडी, उघडी दारं. फेरीवाले वाटाण्याएवढ्या जागेतूनही वाट काढतात. डाळीचे कुरकुरीत वडे, आणि वर अख्खी कोळंबी बसवलेले वडे, वह्यांच्या जुन्या कागदात बांधलेले. माझ्या पुडीवर कुणाची तरी गणितं होती, शिक्षकांच्या लाल खुणांसकट. हॅटनला अर्धा डबा रिकामा झाला: श्रीपाद पर्वतावर रात्री चढणारे यात्रेकरू. डिसेंबरची पौर्णिमा ते मे महिन्यातली वैशाखी पौर्णिमा हा त्यांचा हंगाम.

मग चहा. दोन्ही बाजूंना, डोंगराच्या माथ्यापर्यंत. आधी इथे कॉफी होती. तांबेरा रोगाने ती मेली. जेम्स टेलरने १८६७मध्ये लूलकंदुरा इथे चहा लावला होता, तो मग सगळीकडे पसरला. तोडणीला तामिळनाडूतून मजूर आणले गेले. १९४८मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने त्यांतल्या लाखोंचं नागरिकत्व गेलं. पुढे १९६४च्या शास्त्री-सिरिमावो कराराने कितीतरी कुटुंबांना भारतात पाठवायचं ठरलं, जो भारत त्यांच्यातल्या अनेकांनी पाहिलाही नव्हता. लग्नानंतरच्या फोटोंत मागे दिसणारी ती हिरवळ कुणाचा तरी दिवसभराचा उभ्याने केलेला कष्ट आहे. पाठीवर पिशवी घेतलेल्या बाईचा फोटो तिला विचारल्याशिवाय काढू नये. आम्ही एकही काढला नाही.

शुक्रवार, नुवर एलिया

उंची साडेअठराशे मीटरच्या पुढे, सकाळी तोंडातून वाफ निघते. लंका म्हणून स्वेटर न घेणाऱ्यांनी सावध राहावं.

सासूबाईंनी एकच गोष्ट मागितली होती: सीतेच्या देवळात नारळ वाढवून यायचं. ते देऊळ शहरापासून थोड्याच अंतरावर, बदुल्याच्या रस्त्यालगत, सीता एलिया या गावी आहे. शेजारून ओढा वाहतो, काठच्या खडकावरचे खळगे हनुमानाची पावलं म्हणून दाखवतात. चहामळ्यातल्या तमिळ कुटुंबांची ये-जा, कापूर, घंटा. मी तिथून सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "अगं, ते पाणी दाखव गं पुन्हा."

दुपारी पाऊस. खोलीत चहा आणि गप्पा.

शनिवार, एला

नानुओयाहून पुन्हा तीच गाडी. पट्टिपोल हे देशातलं सर्वांत उंच स्थानक, जवळपास १,९०० मीटरवर. त्यापुढे बोगदा लागतो आणि गाडी ओहियाच्या बाजूला निघते. आत शिरताना काचेवर थेंब होते, बाहेर पडलो तर कोरडं लख्ख ऊन. दोन मोसमी पाऊस म्हणजे काय ते आम्ही महिनाभर आधी नकाशावर वाचलं होतं, ते एका बोगद्याने दाखवून दिलं.

एलाचा नऊ कमानींचा पूल १९२१चा, दगड-विटा-सिमेंटचा, पोलादाशिवाय बांधलेला. पूल सुंदर आहे, पण रुळांवर सेल्फीसाठी उभी राहणारी गर्दी पाहून भीती वाटते. आम्ही वरच्या मळ्यातून, चहाच्या टपरीवरून गाडी जाताना पाहिली. तिथूनच ती नीट दिसते.

पुढच्या भागात दक्षिणेचा किनारा : मिरिस्साचे देवमासे आणि गॉलचा किल्ला. तोवर ज्यांची लग्नं मे महिन्यात ठरली आहेत त्यांना एक विनंती. हा क्रम जसाच्या तसा उचलू नका. सिगिरिया आणि कँडी ठेवा, पण समुद्रासाठी पूर्वेला, त्रिंकोमाली नाहीतर पासिकुडाला जा. मे महिन्यात मिरिस्साला लाटा आणि पाऊसच भेटेल.