आधी पाहावे, मग धुवावे

शाळेच्या अंकात अभ्यासाबाहेरचेही काही असावे, असा पालकांचा आग्रह असतो. म्हणून यंदा आम्ही आमच्या घरच्या १९६८ सालच्या फियाट ११०० डिलाइटच्या इंजिनाबद्दल लिहीत आहोत. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला कारखान्यात ही गाडी बनली. पुढे याच गाडीचे नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले. मुंबईतील पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या.

आमचे वडील अण्णा यांनी ही गाडी नवी घेतली होती. ते २००९ मध्ये गेले आणि तेव्हापासून गाडी इंदूरच्या घरामागे पत्र्याखाली उभी राहिली. इंजिन जाम झाले. अण्णांनी गाडीवर कधी पैसा खर्च केला नाही, नुसती रेटली, म्हणून इंजिन गेले, असे घरात सगळेच म्हणत. ते भंगारात देऊन दुसरे बसवावे, असे जवळजवळ ठरलेच होते. त्याआधी एकदा उघडून पाहावे म्हणून आम्ही जुन्या फियाटचे काम जाणणाऱ्या एका वयस्क उस्तादांना बोलावले. डिझेल आणि ब्रश तयार होते. ते म्हणाले, "सर, पहले देखो, बाद में धोना. मैल ही सब बताएगा."

मग पाहणी सुरू झाली. चारही प्लग काढून क्रमाने मांडले. जास्त पेट्रोलने प्लग काजळतो, रिंगा झिजल्या तर तेलाने ओला होतो. आमचे तीन प्लग फिकट तपकिरी, म्हणजे निरोगी होते. तिसऱ्या सिलिंडरचा मात्र गंजलेला. तळाचे तेल काळे होते, पण दुधाळ नव्हते, म्हणजे त्यात पाणी शिरले नव्हते. सिलिंडरांत पातळ तेल सोडून चार दिवस थांबलो आणि क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने, अगदी हळू, इंजिन सोडवले. अशा वेळी सेल्फ मारला तर अडकलेल्या रिंगा तुटतात.

हेड काढताना पुठ्ठ्याला आठ भोके पाडून, नंबर घालून, पुशरॉड त्यांत ओळीने खोचले. प्रत्येक भाग आपल्या जोडीदाराबरोबर झिजलेला असतो. त्यांची अदलाबदल चालत नाही.

हेड निघाल्यावर खरी गोष्ट कळली. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे कडे होते, बाकीच्या तीन भिंती स्वच्छ. गाडी उभी केली तेव्हा त्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह उघडा राहिला होता. इतक्या पावसाळ्यांची दमट हवा तिथूनच आत गेली. इंजिन रेटून चालवल्याने बिघडले नव्हते. ते उभे राहून बिघडले होते.

पिस्टनांवरचा कार्बन डिझेलने मऊ करून लाकडी काडीने खरवडला, तेव्हा चारहींच्या माथ्यावर '०.४' हा आकडा दिसला. हे मूळ मापापेक्षा मोठे पिस्टन. म्हणजे अण्णांनी कधीतरी चारही बोअर करून पुरे इंजिन बांधून घेतले होते. केव्हा, किती खर्च करून, हे आईलाही ठाऊक नाही. अण्णा पगारातून भागवत आणि सांगत नसत.

त्यानंतरच धुलाई झाली. ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे, तो कारखान्यात कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात साफ होतो. हेड अॅल्युमिनियमचे आहे. त्याला सोडा लावला तर धातूच खाल्ला जातो आणि हायड्रोजन वायू निघतो. दहावीच्या मुलांनी हे रसायनशास्त्रात वाचले असेल. म्हणून हेडसाठी फक्त डिझेल आणि मऊ ब्रश. तेलाच्या बारीक वाटा तारेच्या ब्रशने व दाबाच्या हवेने मोकळ्या केल्या. धुण्यासाठी पेट्रोल वापरू नये. त्याची वाफ एका ठिणगीने पेटते.

गंजामुळे आता चारही सिलिंडर पुढच्या मापाला बोअर होत आहेत. अण्णांचे चार पिस्टन मात्र आम्ही जपून ठेवले आहेत. घरात आता अण्णांच्या नावाने कोणी ते जुने वाक्य बोलत नाही.

नववी-दहावीच्या ज्या मुलामुलींना हे सुटे भाग पाहायचे असतील, त्यांनी पालकांची चिठ्ठी आणावी. रविवारी जुने कपडे घालून यावे. हात काळे होतील.