मार्जन

'मार्जार' हा शब्द 'मृज्' या धातूपासून आला असे व्युत्पत्तिकार मानतात. मृज् म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे. 'मार्जन', 'संमार्जन', 'परिमार्जन' ही त्याच धातूची प्रजा. मार्जार म्हणजे स्वतःला सतत स्वच्छ करीत राहणारा प्राणी. चिन्हक आणि चिन्हित यांचा संबंध यादृच्छिक असतो हे सोस्यूरचे प्रतिपादन शिकवताना मी ही व्युत्पत्ती आवर्जून सांगत असे. शब्द घडताना कुणीतरी प्रत्यक्ष पाहिलेलेही असते, एवढेच सुचवण्यासाठी. गेली नऊ वर्षे माझ्या घरी असलेल्या मांजरीने मात्र या उदाहरणाची पंचाईत करून ठेवली आहे.

मुलगी शिक्षणासाठी परदेशी गेली आणि तिची पांढरी पर्शियन मांजरी आमच्या पुण्याच्या घरात मागे राहिली. नाव कापशी. लांब केसांखाली लोकरीसारखा दुसरा दाट थर, पसरट चेहरा, तांब्याच्या रंगाचे डोळे. येणारे-जाणारे 'किती सुंदर' म्हणतात आणि आपापल्या घरी जातात. त्या सौंदर्याचा दिनक्रम माझ्याकडे असतो. सकाळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने तिचे डोळे पुसावे लागतात. चेहरा चपटा असल्याने अश्रुनलिका वाकलेली असते आणि डोळ्यांतले पाणी गालांवर तांबूस डाग पाडते. खाणे उथळ बशीत द्यावे लागते. मग धातूचा कंगवा घेऊन पाठ, पोट, काखा, कानांमागचा भाग. दोन-तीन दिवस चुकले की गुंता होतो आणि त्याचा बुरणुसासारखा घट्ट गठ्ठा बनतो. ती स्वतःला चाटत नाही असे नाही. पण चाटलेले केस पोटात जातात आणि पुढे त्यांचा गोळा ओकून टाकावा लागतो. या मार्जाराला स्वतःचे मार्जन पुरे पडत नाही.

याला निसर्गापेक्षा अभिरुचीच अधिक जबाबदार आहे. सतराव्या शतकात पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने खोरासानातील लांब केसांच्या मांजरांविषयी लिहिले. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअरने मांजरांचे प्रदर्शन भरवले आणि मांजर हा परीक्षणाचा, गुणांकनाचा विषय झाला. त्या काळच्या चित्रांतील पर्शियन मांजरांना नाक आहे. विसाव्या शतकात गोल डोके, आखूड नाक, दाट केस हे निकष उत्तरोत्तर ताणले गेले. मूत्रपिंडात द्रवाच्या गाठी होण्याचा आनुवंशिक विकारही या जातीत पसरला. त्याला कारण असणारा जनुकीय बदल २००४ मध्ये उजेडात आला. डोळ्यांना रुचणारे निवडताना डोळ्यांना न दिसणारेही निवडले गेले होते.

मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मी पंचवीस वर्षे शिकवले. संवाद, विरोध, समतोल या लयतत्त्वांनुसार संवेदनांची संघटना कशी पाहावी, हे आमच्या पिढीने त्यांच्याकडून घेतले. ते कलाकृतींविषयी बोलत होते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. खिडकीच्या काळ्या गजांशी अंग टेकून झोपलेल्या कापशीची पांढरी वळणे मी याच परिभाषेत पाहत आलो, हा दोष माझा. त्या परिभाषेत काखेतल्या गुंत्याला जागा नव्हती.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि तीन आठवडे कंगवा हाती घेता आला नाही. पुन्हा नीट दिसू लागले तेव्हा कापशीच्या पोटावर, कानांमागे गठ्ठे झाले होते. पशुवैद्यांनी सगळे केस उतरवण्याचा सल्ला दिला. मी तो टाळला. तिचे रूप जावे असे मला वाटत नव्हते. घरची कात्री घेऊन मी एकेक गठ्ठा कापू लागलो. गुंत्याबरोबर कातडीही ओढली जाते आणि ती फार पातळ असते, हे मला तिच्या कानामागे रक्त दिसल्यावर कळले. ती ओरडली नाही. कपाटाखाली गेली आणि रात्रीपर्यंत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी दोन टाके घातले आणि तिचे केस उतरवले. घरी आणलेला प्राणी मला अनोळखी होता: बारीक मान, फासळ्या, गुलाबीसर कातडी. पाहणारे 'अरेरे' म्हणाले. मलाही ती कुरूप वाटली. हे लिहिताना संकोच होतो, पण वाटली. टाके निघाल्यावर एका संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या थंड फरशीवर बसली, मागचा पाय वर केला आणि मांडीपासून पोटापर्यंत चाटू लागली. मग खांदा, मग दुसरी मांडी. जीभ कुठेही अडत नव्हती. अर्धा तास हे चालले होते आणि मी दारात उभा होतो.

आता तिच्या पोटाचे आणि काखांचे केस मी वाढू देत नाही. पाठ मात्र अजूनही लांब आहे, आणि ती कुणासाठी लांब आहे याचे उत्तर मला ठाऊक आहे. सकाळी कंगवा हाती घेताना ते रोज आठवते.