रस्ता कोणाच्या जागेतून जातो?

गेल्या वर्षी एके सकाळी आमच्या पेठेतील दुकानांच्या दर्शनी भिंतींवर लाल रंगाच्या खुणा दिसल्या. रस्तारुंदीची ती रेषा होती. आजोबांनी सुरू केलेल्या कापडाच्या पेढीचा ओटा, गल्ल्याची जागा आणि जिन्याच्या दोन पायऱ्या रस्त्याच्या हद्दीत जात होत्या. समोरच्या रांगेला मात्र धक्काही नव्हता. चौकशीअंती कळले, की विकास आराखड्याचा मसुदा काही वर्षांपूर्वीच प्रसिद्ध झाला होता आणि हरकती नोंदवण्याची मुदतही तेव्हाच सरली होती. पेठेतील एकाही व्यापाऱ्याने तो नकाशा पाहिलेला नव्हता. पै-पैचा हिशेब ठेवणारे आम्ही. पण पायाखालच्या जमिनीचा हिशेब कोणीतरी दुसराच मांडत होता, याचा आम्हांला पत्ताच नव्हता.

हे शल्य मनात असतानाच सिंगापूरला धाकट्या काकांकडे आणि तेथून जपानमधील कोबे शहरी भाचीच्या घरी जाण्याचा योग आला. प्रेक्षणीय स्थळे पाहिलीच. परंतु नजर वारंवार रस्त्यांकडे आणि दुकानांच्या उंबऱ्यांकडे वळत राहिली.

सिंगापूर : शासनाच्या हाती नकाशा

सिंगापूरच्या जुन्या बाजारातील दुकाने पाहताना प्रथम आपलीच पेठ आठवते. खाली दुकान, वर घर, दर्शनी भाग अरुंद आणि आत खोलवर गेलेली वास्तू. फरक एवढाच, की प्रत्येक दुकानासमोर छताखालची सलग वाट आहे. 1822 साली रॅफल्स यांनी नगररचनेचे जे नियम घालून दिले, त्यांत प्रत्येक घरमालकाने पुढे असा खुला सोपा ठेवावा, असे बंधन होते. मलय भाषेत त्याला ‘काकी लिमा’, म्हणजे ‘पाच फूट’, म्हणतात. ऊन असो वा पाऊस, ग्राहक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोरड्या पायांनी फिरतो. जागा प्रत्येकाची थोडी थोडी गेली. लाभ मात्र साऱ्या बाजाराचा झाला.

विसाव्या शतकातील सिंगापूरने याहून कठोर मार्ग धरला. 1960 साली गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले आणि 1966 च्या भूसंपादन कायद्याने शासनाला व्यापक अधिकार दिले. आज तेथील दहांपैकी जवळजवळ आठ रहिवासी या मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. ही घरे 99 वर्षांच्या पट्ट्याने मिळतात. रस्ते, शाळा, बाजार, उद्याने यांचा मेळ अचंबित करणारा आहे. बृहत् आराखड्याचा दर पाच वर्षांनी फेरविचार होतो आणि त्याचा मसुदा लोकांसमोर मांडला जातो. नगररचना प्राधिकरणाच्या दालनात शहराची मोठी प्रतिकृती मांडलेली आहे. तेथे शाळेची मुलेही आपली वस्ती शोधत असतात.

काकांसमोर मी या व्यवस्थेची स्तुती केली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “नीटनेटके खरेच, पण याचीही किंमत कोणीतरी मोजली आहे.” अनेक वर्षे जमीनमालकांना मिळणारा मोबदला बाजारभावाहून कमी असे, पूर्ण बाजारभावाचे तत्त्व 2007 साली आले. जुन्या वस्त्या हलल्या, रस्त्यावरचे फेरीवाले छपराखालच्या केंद्रांत गेले. चायनाटाउन, लिटल इंडिया यांसारखे बाजार 1989 पासून संरक्षित झाले, म्हणून उरले. कार्यक्षमता आणि सचोटी यांवर तेथील लोकांचा विश्वास आहे. परंतु लेखणी शासनाच्याच हाती आहे.

कोबे : राखेतून काढलेली रेषा

कोबेला पोहोचलो तेव्हा जानेवारी होता. डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत हे बंदर वसले आहे. भाचीचे घर कितानो भागात. भाचेजावई मोत्यांच्या व्यापारात. चढणीच्या त्या रस्त्यावर, परदेशी व्यापाऱ्यांच्या जुन्या बंगल्यांच्या सान्निध्यात, 1985 साली उभारलेले पांढऱ्या संगमरवराचे महावीरस्वामींचे मंदिर आहे. घरापासून इतक्या दूर घंटेचा नाद ऐकून मन भरून आले. पाचच्या सुमारास दिवस मावळे, त्यामुळे घरातले चौविहाराचे जेवण साडेचारलाच आटपत असे. त्यानंतरच्या लांब संध्याकाळी भाचेजावयांकडून शहराची कथा ऐकली.

17 जानेवारी 1995 रोजी पहाटे 5 वाजून 46 मिनिटांनी भूकंप झाला आणि 6,400 हून अधिक माणसे गेली. नागाता भागात लाकडी घरे, छोटी दुकाने आणि पादत्राणांचे कारखाने आगीत भस्मसात झाले. पुढच्या दोन महिन्यांतच, 17 मार्चला, नगरपालिकेने पुनर्रचनेच्या योजनेवर शिक्कामोर्तब केले. लोक अजून शाळांच्या सभागृहांत चटया टाकून राहत होते. त्यांच्या गल्ल्यांतून रुंद रस्ते आखले गेले होते. साहजिकच संताप उसळला. तेव्हा तोडगा निघाला तो दोन टप्प्यांचा : पहिल्या टप्प्यात केवळ प्रमुख रस्ते आणि उद्याने, उरलेला तपशील रहिवाशांच्या समित्यांनी ठरवावा.

अशा समित्या तेथे नव्या नव्हत्या. मानो वस्तीतील लोक 1960 च्या दशकापासून कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध एकत्र आले होते, आणि 1981 च्या शहर नियमाने अशा समित्यांना मान्यता दिली होती. भूकंपाच्या दिवशी याच मानोतील शेजाऱ्यांनी हातोहात पाण्याच्या बादल्या पुढे देऊन आग रोखली.

मात्सुमोतो भागात आम्ही चालत गेलो. तेथील रस्त्याच्या कडेने एक झुळझुळता ओहोळ वाहतो. त्यात शुद्ध केलेले सांडपाणी सोडलेले असते. पुन्हा आग लागलीच तर पाणी हाताशी असावे, म्हणून रहिवाशांनीच त्याचा आग्रह धरला. ज्यांनी पाण्याअभावी घरे जळताना पाहिली, त्यांनाच हे सुचू शकते.

जागेची विभागणी कशी झाली, हे मी मुद्दाम विचारले. सर्व मालकांच्या जमिनी कागदोपत्री एकत्र करायच्या, प्रत्येकाकडून थोडा हिस्सा रस्ते आणि उद्यानांसाठी घ्यायचा, आणि उरलेली जागा नव्या आखणीने परत द्यायची. जागा घटते, पण तिला रस्ता मिळतो, मोल वाढते. 1923 च्या भूकंपानंतर टोकियोची पुनर्बांधणीही याच रीतीने झाली होती.

सारेच गोड नव्हते. काही भागांतील काम पंधराहून अधिक वर्षे रेंगाळले. शिन-नागाताच्या दक्षिणेस उंच इमारती आणि मोठे बाजार उभे राहिले; पण जुने ग्राहक परतलेच नाहीत. देखभालीचा खर्च मात्र दुकानदारांच्या माथी बसला, आणि आज तेथील कित्येक दुकानांची शटरे खाली आहेत. भव्य योजना आणि चालता धंदा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपण व्यापाऱ्यांनी तरी विसरू नये.

घरातलेच विसरलेले धन

परतल्यावर जुनी पुस्तके चाळली, तेव्हा आश्चर्य वाटले. जमिनी एकत्र करून वाटण्याची ही पद्धत आपल्याकडे परकी नाहीच. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्याने ती येथे आणली. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले या उपनगरांच्या पत्त्यांत आजही ‘टीपीएस’ ही अक्षरे आढळतात, ती त्याच योजनांची खूण. महाराष्ट्राच्या 1966 च्या नगररचना कायद्यातही तिची तरतूद आहे. परंतु ती बराच काळ मागे पडली. अलीकडे पुण्याजवळ माण-म्हाळुंगे येथे ती पुन्हा हाती घेतली गेली. गुजरातने मात्र ती जपली. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर भुजच्या तटबंदीतील जुने शहर याच पद्धतीने नव्याने आखले गेले. मोठ्या भूखंडातून अधिक हिस्सा, छोट्यातून कमी, आणि अगदी लहान जागांतून काहीच नाही, असे तत्त्व तेथे ठेवले होते. आपल्यातील अनेक कच्छी कुटुंबांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे.

वाचकहो, त्याग कोणत्याच शहराला चुकत नाही. रस्ता हवा तर जागा द्यावीच लागते. प्रश्न एवढाच, की तो भार लाल रेषेच्या एका बाजूला आलेल्या चारजणांनी वाहायचा, की ज्यांना रस्त्याचा लाभ होणार त्या सर्वांनी वाटून घ्यायचा? आणि रेषा काढण्यापूर्वी विचारायचे, की नंतर?

आमच्या ओट्याचे काय होईल, हे अजून ठरायचे आहे. मात्र या दिवाळीला वहीपूजनानंतर पेठेतले सारे दुकानदार, समोरच्या रांगेतलेही, एकत्र बसले. गावच्या आराखड्याची प्रत मागवून ती चटईवर पसरली. ज्यांची जागा जाणार नाही, त्यांनीही काही सोसावे का, हा प्रश्न प्रथमच मोकळेपणाने निघाला. वाद झाला, आवाज चढले, चहा थंड झाला. पण प्रत्येकाने त्या नकाशावर वाकून, बोट ठेवून, आपले दुकान शोधले. हे काम आम्ही काही वर्षे आधी करायला हवे होते.